डब्ल्यूएचओचं ‘हीट प्लस’: आरोग्यातली तफावत दाखवणारं साधन, अर्धं काम मात्र फाइल बनवण्यात

घरोघरी जाऊन केलेल्या आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा हाताशी आहे आणि त्यातून कोण मागे राहिलं ते शोधायचंय, तर जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हीट’ आधी उघडून बघावं. पूर्ण नाव हेल्थ इक्विटी असेसमेंट टूलकिट. २०१६ साली आलं, फुकट आहे, आर या सांख्यिकी भाषेतल्या शायनी या चौकटीवर बांधलंय आणि ब्राउझरमध्ये चालतं. यात खरं तर दोन साधनं आहेत आणि नावं सारखी असल्याने नवखा माणूस हमखास गोंधळतो. नुसत्या ‘हीट’मध्ये डेटा आधीच भरलेला असतो. देश निवडा, निर्देशक (लसीकरण, बालमृत्यू असं जे मोजायचं ते) निवडा, आलेख बघा. ‘हीट प्लस’ रिकामं मिळतं, त्यात आपली फाइल चढवायची.

हीटमधला माता-बालआरोग्याचा डेटा डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे), एमआयसीएस (मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे) आणि आरएचएस (रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हे) या घरोघरच्या सर्वेक्षण-मालिकांच्या फेरविश्लेषणातून आलेला आहे. हे फेरविश्लेषण ब्राझीलच्या पेलोतास विद्यापीठातलं आरोग्य-समतेचं केंद्र करतं. सगळ्या देशांना एकच व्याख्या लावलेली असल्याने छापील अहवालातला आकडा आणि हीटमधला आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही. फरक दिसला की आधी वयोगट आणि संदर्भकाळ ताडून बघावा, बहुतेकदा गोम तिथेच असते. २०२३ मध्ये संघटनेने याच्या जोडीला आरोग्य-विषमतेचं मोठं डेटा-भांडार खुलं केलं. सुरुवातीलाच त्यात ५९ डेटासेट, २,००० हून अधिक निर्देशक, २२ प्रकारची विभागणी (संपत्ती, शिक्षण, गाव-शहर अशी) आणि जवळपास १ कोटी १० लाख आकडे होते. क्षयरोग, एचआयव्ही, लसीकरण, अपंगत्व, पर्यावरण, जे हवं ते.

शिकण्यासाठी हीट उत्तम. विद्यार्थ्याला विषमता म्हणजे काय ते तासाभरात दाखवता येतं. पण देशपातळीवरचा आलेख बघून कुठल्या भागात फिरतं पथक वाढवायचं ते ठरत नाही. त्यासाठी आपला डेटा लागतो, म्हणजे हीट प्लस लागतं. म्हणून इथे बोलणं मुख्यतः त्याच्याबद्दल.

फाइल, आणि तिच्यात होणारी माती

हीट प्लस कच्चा डेटा घेत नाही. हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. एका मुलाखतीची एक ओळ, अशा हजारो ओळींची फाइल इथे चालत नाही. आधी आर, स्टाटा किंवा एसपीएसएस अशा सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गटाचा अंदाज काढायचा आणि एका गटाची एक ओळ या हिशेबाने ठरलेल्या साच्यात बसवायचा. गोपनीयतेच्या दृष्टीने हे बरंच आहे. व्यक्तीची ओळख सांगणारं काही साधनाकडे जायचं कारणच उरत नाही.

साच्यात ठिकाण, वर्ष, स्रोत, निर्देशकाचं नाव, विभागणीचा प्रकार, उपगट, अंदाज, प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते), खालची-वरची मर्यादा, लोकसंख्या असे रकाने असतात. नावं सरळ आहेत. घोळ होतो तो शेवटाकडच्या बारीकसारीक रकान्यांत.

एका रकान्यात निर्देशक चांगला की वाईट ते सांगायचं असतं. दवाखान्यातलं बाळंतपण जास्त असणं चांगलं, तिथे १. खुजेपणा जास्त असणं वाईट, तिथे ०. हा आकडा चुकला तरी फाइल निमूट चढते, आलेखही येतो, फक्त तफावतीचं चिन्ह उलटं होतं आणि गरिबांची स्थिती श्रीमंतांपेक्षा चांगली असल्याचा निष्कर्ष छापला जातो. दुसरा रकाना क्रमाचा. संपत्ती आणि शिक्षण यांना चढता क्रम आहे, प्रदेश किंवा स्त्री-पुरुष यांना नाही. क्रम असेल तिथे सर्वांत वंचित गटाला १ द्यायचा आणि वर चढत जायचं. क्रम नसेल तिथे सगळ्यांना ०, आणि तुलना कोणाशी करायची तो संदर्भगट वेगळा नेमायचा. तिसरा रकाना मोजपट्टीचा. टक्केवारीला १००, दर हजारी बालमृत्यूला १०००. मृत्यूदराला सवयीने १०० लिहिलं की काही मापं चुकीच्या गणिताने निघतात.

लोकसंख्येचा रकाना मात्र नीट समजून घ्यावा, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. संपत्तीचे पाच पंचमांश म्हणजे प्रत्येकी २० टक्के, असं धरून लोक सरसकट २० भरतात. पण ते २० टक्के घरांत राहणाऱ्या एकूण लोकांचे असतात. गरीब घरांत मुलं जास्त असतात, त्यामुळे मुलांच्या निर्देशकासाठी वाटणी वेगळी होते. समजा लसीकरण गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत ४८, ६०, ६८, ७४ आणि ८० टक्के आहे. सरसकट २० धरले तर सरासरी ६६ येते. मुलांची खरी वाटणी २४, २२, २०, १८, १६ असेल तर सरासरी ६४.४. सगळे गट सर्वांत वरच्या गटाइतके झाले तर सरासरी किती वाढेल, हे माप पहिल्या हिशेबात १४ आणि दुसऱ्यात १५.६ टक्के-बिंदू येतं. दीड बिंदू किरकोळ वाटतो, पण काही लाख मुलांच्या कार्यक्रमात त्याचा अर्थ हजारो मुलं असा होतो. सोपा ताळा असा: गटांची भारित सरासरी काढा आणि सर्वेक्षणाने दिलेल्या एकूण आकड्याशी लावून बघा. जुळली नाही तर फाइल पुढे पाठवू नका.

बाकी चुका नेहमीच्या. आकड्यापुढे टक्क्याचं चिन्ह राहिलं की तो रकाना मजकूर होतो. एका वर्षी ‘ग्रामीण’ आणि दुसऱ्या वर्षी ‘ग्रामीण’पुढे एक मोकळी जागा असली की ते दोन वेगळे गट ठरतात आणि काळाची रेघ मध्येच तुटते. स्वच्छ फाइल पहिल्या झटक्यात चढते, हे मात्र कबूल करायला हवं.

हीट प्लसच्या आधीचं काम

गटांचे अंदाज काढताना सर्वेक्षणाची रचना पाळली नाही तर पुढचं सगळं वाया. आरमधल्या ‘सर्व्हे’ पॅकेजला तीन गोष्टी सांगायच्या: क्लस्टर (नमुन्यात निवडलेली गावं किंवा वस्त्या), स्तर (निवडीआधी पाडलेले भाग) आणि भार (एक मुलाखत किती लोकांच्या वतीने धरायची ते). डीएचएसच्या स्त्रियांच्या फाइलमध्ये भार व्ही००५ नावाच्या रकान्यात असतो आणि तो दहा लाखांनी भागून घ्यायचा. भागायचं विसरलं तरी टक्केवारी बरोबरच येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. फुगतात ते लोकसंख्येचे आकडे. क्लस्टर व्ही०२१ मध्ये, संपत्तीचा पंचमांश व्ही१९० मध्ये. स्तर कधी व्ही०२२ तर कधी व्ही०२३. त्या त्या सर्वेक्षणाच्या अहवालात नमुना-रचनेचं परिशिष्ट वाचूनच ठरवावं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे आधी गाळणं आणि मग रचना सांगणं. फक्त १२ ते २३ महिन्यांची मुलं वेगळी काढली आणि त्या तुकड्यावर रचना बांधली की काही क्लस्टर गायब होतात आणि प्रमाण त्रुटी चुकते. आधी पूर्ण फाइलवर रचना बांधायची, मग त्या रचनेतून उपसंच घ्यायचा. एखाद्या स्तरात एकच क्लस्टर उरला तर पॅकेज अडून बसतं, तेव्हा त्याची सेटिंग जाणीवपूर्वक निवडावी लागते. इंटरनेटवरून उचललेली एक ओळ डकवून मोकळं होऊ नये.

नमुना किती पातळ होतो याचा अंदाज हातानेच काढून ठेवावा. एका भागात ४०० जणींच्या मुलाखती झाल्या, निर्देशक ५० टक्क्यांच्या आसपास आणि क्लस्टरमुळे प्रसरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) दीडपट, असं धरू. एकूण आकड्याची ९५ टक्के मर्यादा साधारण ६ बिंदू वर-खाली. त्याच ४०० जणी पाच पंचमांशांत वाटल्या की प्रत्येकी ८० उरतात आणि मर्यादा १३ बिंदूंवर जाते. दोन टोकांच्या गटांमधल्या फरकाची मर्यादा तर १९ बिंदूंच्या घरात. म्हणजे तिथे १५ बिंदूंची दरी दिसली तरी ती खरी की नमुन्याचा खेळ, हे सांगता येत नाही. डीएचएसच्या अहवालांत २५ पेक्षा कमी न-भारित नोंदी असतील तर आकडा दाबून तारा छापतात आणि २५ ते ४९ असतील तर कंसात देतात. आपल्या फाइलमध्ये हाच नियम हातानेच लावायचा. साच्यात खुणेसाठी रकाना आहे, तो भरा, आणि तारा लागणाऱ्या ओळी चढवूच नका. पाच गटांत नमुना पुरत नसेल तर खालचे ४० टक्के आणि वरचे ६० टक्के असे दोनच गट करावेत. आलेख दिसायला साधा होतो, पण त्यावर भरवसा ठेवता येतो.

कोणतं माप बघायचं

मापांचा खजिना हे या साधनाचं खरं बलस्थान. साधा फरक आणि गुणोत्तर यांच्यापासून सगळे गट हिशेबात धरणारे उतार-निर्देशांक, एकाग्रता-निर्देशांक, थाइल निर्देशांक, लोकसंख्येवरचा परिणाम सांगणारी मापं, सगळी एका क्लिकवर, आणि पाठोपाठ त्यांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खालच्या-वरच्या मर्यादा. हातानं आरमध्ये लिहायला दोन दिवस जातील ते इथे दोन मिनिटांत. पण एवढी मापं समोर आली की माणूस आपल्याला हवं ते उचलतो, आणि साधन काही टोकत नाही.

बालमृत्यूचं उदाहरण घ्या. गरीब गटात हजारी ८० आणि श्रीमंत गटात ४०. काही वर्षांनी ५० आणि २०. फरक ४० वरून ३० वर आला, म्हणजे विषमता घटली. गुणोत्तर २ वरून २.५ वर गेलं, म्हणजे विषमता वाढली. दोन्ही विधानं खरी. कार्यक्रम चालवणारा पहिलं छापतो, टीका करणारा दुसरं. प्रामाणिक अहवालात दोन्ही शेजारी शेजारी हवीत आणि प्रत्येक गटाचा मूळ आकडाही हवा. गुणोत्तराची आणखी एक गंमत. सेवा मिळालेले ५ टक्के विरुद्ध १ टक्का, गुणोत्तर ५. तीच गोष्ट न मिळालेल्यांच्या बाजूने मांडली की ९५ आणि ९९, गुणोत्तर जेमतेम १.०४. फरक मात्र दोन्हीकडे ४ बिंदूच.

तरीही फरक आणि गुणोत्तर दोन्ही टोकांचेच आकडे बघतात, मधल्यांचं काय झालं ते त्यांना कळत नाही. तीन काल्पनिक प्रदेश घेऊ. पहिल्यात पाच गटांचे आकडे २०, ७०, ७५, ७८, ८०. दुसऱ्यात २०, २२, २५, ३०, ८०. तिसऱ्यात २०, ३५, ५०, ६५, ८०. तिन्हीकडे फरक ६० आणि गुणोत्तर ४. पण पहिल्यात फक्त तळचा गट बाहेर राहिलाय, तिथे त्याच गटापर्यंत जाणारी मोहीम हवी. दुसऱ्यात वरचा एक गट सोडला तर कोणालाच काही मिळत नाही. तिथे गरिबांसाठी वेगळी योजना काढण्यात अर्थ नाही, सेवाच उभी करायला हवी. तिसऱ्यात पायऱ्या आहेत आणि दोन्ही गोष्टी लागतील. गट समान आकाराचे धरले तर सगळे वरच्या गटाइतके झाल्यावर होणारी वाढ अनुक्रमे १५.४, ४४.६ आणि ३० बिंदू येते. हे माप तिघांना वेगळं करतं, फरक करत नाही. सर्वेक्षणाचा उपयोग विषमता कमी करायला व्हावा असं वाटत असेल तर नजर इथे हवी, कारण पैसा कुठे घालायचा ते आकाराने ठरतं, टोकांमधल्या अंतराने नाही.

हीट प्लसमध्ये एक उणीव जाणवते: एका वेळी एकाच प्रकारची विभागणी. ग्रामीण भागातल्या सर्वांत गरीब आणि न शिकलेल्या आयांची मुलं, असा दुहेरी-तिहेरी छेद थेट मिळत नाही. उपाय साधा आहे. आरमध्येच ‘ग्रामीण-खालचे ४० टक्के’, ‘शहरी-खालचे ४० टक्के’ असे जोडगट बनवायचे आणि नव्या नावाने विभागणीचा वेगळा प्रकार म्हणून फाइलमध्ये टाकायचे. साधनाला त्यातलं काही कळत नाही, ते नेहमीसारखं मोजतं. फक्त वरचा नमुन्याचा हिशेब इथे दुप्पट लागू होतो.

साधनाला न दिसणाऱ्या गोष्टी

संपत्ती-निर्देशांक म्हणजे उत्पन्न नव्हे. घरात काय काय आहे, भिंती-छप्पर कशाचं, पाणी आणि शौचालय कसलं, यांवरून सांख्यिकी पद्धतीने काढलेला तो क्रमांक असतो. वीज आणि नळ शहरात गरिबाकडेही असतात, म्हणून देशव्यापी पंचमांशात शहरी गरीब वर सरकतो आणि तळच्या गटात जवळजवळ सगळं खेडंच भरतं. झोपडवस्तीतली विषमता शोधायची तर शहर आणि गाव यांचे वेगळे काढलेले पंचमांश वापरावेत. अलीकडच्या डीएचएस फाइल्समध्ये ते व्ही१९०ए या नावाने तयारच मिळतात.

स्वतः सांगितलेल्या आजाराचे निर्देशक हीट प्लसमध्ये चढवताना दहा वेळा विचार करावा. ‘तुम्हाला मधुमेह असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?’ या प्रश्नाला हो म्हणायला आधी डॉक्टर भेटावा लागतो आणि तपासणी व्हावी लागते. श्रीमंत गटात ‘हो’ जास्त येतात आणि आलेख सांगतो की मधुमेह श्रीमंतांचा आजार. सर्वेक्षणात रक्तदाब किंवा साखर प्रत्यक्ष मोजली असेल तर तोच निर्देशक घ्यावा. दोन्ही उपलब्ध असतील तर त्यांच्यातला फरक हाच एक निर्देशक करावा: मोजणीत सापडले पण स्वतःला माहीत नव्हतं, असे किती. निदानाच्या सोयीतली दरी तिथे उघडी पडते.

बालमृत्यूचे गटनिहाय दर बहुतेक सर्वेक्षणांत मागच्या १० वर्षांच्या जन्मांवर काढलेले असतात, कारण कमी काळात मृत्यूंची संख्या पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या योजनेचा परिणाम त्या आकड्यात शोधणं व्यर्थ. त्यासाठी लसीकरण, बाळंतपण, उपचार मिळणं असे चटकन हलणारे निर्देशक बघावेत आणि दोन सर्वेक्षणांमधल्या वर्षांत दवाखान्यांच्या नियमित नोंदी वापराव्यात. आणि घरोघरचं सर्वेक्षण घर असणाऱ्यांचंच असतं. पुलाखाली राहणारे, कामाच्या ठिकाणी तात्पुरत्या पालात असलेले, तुरुंगात किंवा वसतिगृहात असलेले लोक नमुन्यातच येत नाहीत. तळच्या पंचमांशाखालीही एक तळ आहे आणि तो या आलेखावर कधीच उमटत नाही.

पुढचा डेटा कुठून येणार, ही काळजीही आहेच. १९८४ पासून चालत आलेला डीएचएस कार्यक्रम अमेरिकी निधीवर उभा होता आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निधी थांबला. हीटमधल्या अनेक देशांच्या रेघा त्याच स्रोतावर पुढे सरकतात. स्वतःची सर्वेक्षणं असलेल्या देशांसाठी हीट प्लसचं महत्त्व त्यामुळे वाढलंय.

आलेखांबद्दल सांगायचं राहिलं. स्तंभालेख, रेघालेख असे प्रकार आहेत, पण बैठकीत न्यावा असा एकच: आडव्या रेघेवर पाच ठिपके, प्रत्येक ठिपका एक गट आणि रेघेची लांबी म्हणजे दरी. वरची तीन प्रदेशांची उदाहरणं यात टाकून बघा, ठिपके कुठे गोळा झालेत ते आकडे न वाचताही दिसतं. उतरवून घेण्याआधी अक्षाची किमान आणि कमाल मर्यादा हाताने ० आणि १०० करा. दोन वर्षांचे आलेख वेगवेगळ्या मोजपट्टीवर निघाले तर ३० बिंदूंची दरी एका पानावर बोटभर आणि दुसऱ्या पानावर वीतभर दिसते, आणि बैठकीतला पहिला अर्धा तास ते समजावण्यातच जातो.